टाके किती पडतील?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय दवाखान्याचा आहे, त्यामुळे ज्यांना नको असेल त्यांनी इथूनच परत फिरावं, मी रागावणार नाही. पण आमच्या नात्यातली जी मंडळी हा ब्लॉग वाचतात (आणि प्रतिक्रिया न देता फोनवर फक्त "वाचलं बरं का" एवढंच सांगतात) त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचायचंय. हे तुमच्यासाठीच आहे.

झालं असं, की मध्यंतरी लातूरला एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारी आमचे दाजी, नांदेडचे, अक्काचे यजमान. दाजींच्या किडनीतली गाठ काढून तेव्हा चार महिने झाले होते. समोरच्या ओळीतून एक लांबचे काका मोठ्यानं म्हणाले, "काय दाजी, किडनी काढली म्हणं तुमची?" दाजी म्हणाले, "किडनी नाही काढली, गाठ काढली. किडनी आहे जागेवर." काकांनी घास हातातच धरला. "ठेवली कशाला? काढूनच टाकायची की! देवानं दोन दिल्यात कशाला मग?"

पंगतीत हशा पिकला. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण हेच वाक्य मी २०१० साली ऐकलं होतं, आणि तेव्हा मी मान डोलावली होती.

मामांची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे, पण अर्धीच. २०१० साली मुतखड्याचा त्रास म्हणून सोनोग्राफी केली आणि डाव्या किडनीच्या खालच्या टोकाला तीन सेंटिमीटरची गाठ दिसली. छोट्या लिंबाएवढी. सीटी स्कॅन झालं. "कॅन्सर असू शकतो" असं सांगण्यात आलं आणि एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात दुर्बिणीनं डावी किडनी पूर्ण काढायचं ठरलं. (नाव लिहीत नाही. प्रश्न नावाचा नाहीच.) फाईल घेऊन मामांसोबत मी होतो. घरातला शिकलेला भाचा! डॉक्टर म्हणाले, "काही शंका असेल तर विचारा." मी एकच प्रश्न विचारला.

"टाके किती पडतील?"

"चार-पाच," ते म्हणाले. आम्ही खूश. चौथ्या दिवशी मामा घरी. भेटायला येणारा प्रत्येकजण पोटावरच्या खुणा बघून "एवढंच?" म्हणायचा आणि मामा कौतुकानं सदरा वर करून दाखवायचे. आठ-दहा दिवसांनी गाठीचा रिपोर्ट आला. ऑन्कोसायटोमा. म्हणजे साधी गाठ, कॅन्सर नाही. घरात पेढे वाटले. पेढे आणायला मीच गेलो होतो. त्या गडबडीत आमच्यातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही की तीन सेंटिमीटरची साधी गाठ गेली ते ठीक, पण तिच्यापायी अख्खी चालती किडनी का गेली?

इथं डॉक्टरांवर अन्याय नको. स्कॅनवर ऑन्कोसायटोमा आणि कॅन्सर यातला फरक खात्रीनं सांगता येत नाही. चार सेंटिमीटरच्या आतल्या अशा गाठी काढून तपासल्या तर साधारण पाचातली एक साधी निघते. त्यामुळे गाठ काढण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती गाठीबरोबर जे गेलं त्याबद्दल. अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेनं २००९ सालीच लिहून ठेवलं होतं की एवढ्या लहान गाठीसाठी फक्त गाठ काढून बाकीची किडनी राखणं हाच प्रमाण उपचार. मामांच्या ऑपरेशनच्या एक वर्ष आधी. पण ते विचारायला हवं होतं हे तरी मला कुठं माहीत होतं?

पुढची गोष्ट २०१९ ची. मामांना तोवर शुगर लागलेली. एके दिवशी सकाळपासून लघवीच होईना. संध्याकाळी कळलं, उरलेल्या उजव्या किडनीच्या नळीत खडा अडकलाय. दोन किडन्या असलेल्या माणसाला असा खडा अडकला की तो कळवळतो, इंजेक्शन घेतो, पण दुसरी किडनी काम करत राहते. मामांची दुसरी किडनी नव्हतीच. रात्री अकराला नळी टाकून लघवी मोकळी केली तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. आज त्यांच्या किडनीचं काम साधारण एक तृतीयांशावर आलंय. डायलिसिस नाही, पण मामी दर तीन महिन्यांनी रिपोर्टचा कागद हातात घेते तेव्हा तिचे हात बघा एकदा, म्हणजे कळेल.

तर काका, देवानं दोन दिल्यात त्या अशा वेळेसाठी.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, लातूरच्या माणसाला घाबरायचं कारणच नाही. "लातूर पॅटर्न"वर अख्खा महाराष्ट्र पोरं पाठवतो. ज्या गावात अकरावी-बारावीची पोरं नेफ्रॉनची आकृती झोपेत काढतात, हेन्लेच्या वळणापर्यंत नावं घडाघडा म्हणतात, त्याच गावात घरातल्या माणसाची किडनी काढायची ठरते तेव्हा "यातले नेफ्रॉन किती वाचतील?" असं एकजण विचारत नाही. परीक्षेत चार मार्कांना असलेला नेफ्रॉन आपल्याच मामाच्या पोटात आहे, हे आपल्याला जोडताच येत नाही!

एका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात. रक्त गाळायचं काम तेच करतात. ते नव्यानं तयार होत नाहीत. गेले ते गेले. हृदय जेवढं रक्त फेकतं त्याचा जवळपास पाचवा हिस्सा या दोन किडन्यांतून फिरतो. एक काढली की उरलेली जास्त काम करू लागते, थोडी फुगतेही, आणि म्हणून रिपोर्ट बरा दिसतो. आपण खूश होतो. पण रक्तातलं क्रिएटिनिन हा मोठा फसवा हिशेब आहे. किडनीचं जवळपास अर्धं काम जाईपर्यंत तो आकडा "नॉर्मल"च्या रकान्यात राहू शकतो.

२००६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एक अभ्यास छापला. दोन्ही किडन्या असलेले, क्रिएटिनिन नॉर्मल असलेले आणि चार सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेले ६६२ रुग्ण. नीट हिशेब केल्यावर कळलं की यातल्या २६ टक्के लोकांच्या किडनीचं काम ऑपरेशनच्या आधीच कमी झालेलं होतं. तीन वर्षांनंतर, ज्यांची फक्त गाठ काढली त्यांच्यातल्या ८० टक्क्यांचं काम ६० या आकड्याच्या वर टिकलं. ज्यांची अख्खी किडनी काढली त्यांच्यात फक्त ३५ टक्क्यांचं. आणि हा ६० चा आकडा नुसता कागदावरचा नाही. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या अकरा लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा दिसलं की किडनीचं काम जसजसं घसरतं तसतसा हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका वाढत जातो.

"अहो, पण किडनी दान करणारी माणसं जगतात की!" हे मला अक्काच्या दिरांनी ऐकवलं. बरोबर आहे. पण दान करणाऱ्याला निवडून घेतात. शुगर नको, किडनीचं काम उत्तम हवं, सगळं तपासून. आमचे दाजी एकसष्ट वर्षांचे, बारा वर्षांची शुगर, बीपीची गोळी सकाळ-संध्याकाळ, दोनदा मुतखडा. त्यांना दान करायचं असतं तर पहिल्या दिवशीच दारातून परत पाठवलं असतं. मग त्यांच्याकडून गाठीच्या नावाखाली किडनी कशी काय घ्यायची?

या "दोन आहेत"ची गंमत बघा. जर्मनीतल्या हायडेलबर्गला गुस्ताव सायमन नावाच्या सर्जननं १८६९ साली पहिल्यांदा ठरवून एक किडनी काढली. त्याआधी कुत्र्यांवर प्रयोग करून एका किडनीवर जगता येतं याची खात्री करून घेतली. ती बाई जगली. "एक काढली तरी चालतं" हे वाक्य तिथून निघालं. आणि त्याच गावात, त्याच्याच जागेवर आलेल्या चेर्नीनं १८८७ साली गाठीपुरताच भाग काढून बाकीची किडनी ठेवली. म्हणजे दोन्ही विचार एकाच गावातले, अठरा वर्षांच्या अंतराने. पण पुढं चाललं ते पहिलंच. १९६९ साली टोरांटोच्या रॉबसन यांनी किडनी, तिच्याभोवतीची चरबी, वरची ग्रंथी असं सगळं एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली, आणि "मुळासकट" हा मंत्र झाला. त्या काळी ते बरोबरही होतं. सोनोग्राफी-सीटी घरोघर नव्हते, गाठ हाताला लागेपर्यंत मोठी झालेली असायची. आता गाठ लिंबाएवढी असतानाच दिसते. मंत्र मात्र जुनाच.

मग १९९० साली दुर्बीण आली. अमेरिकेत सेंट लुईसला क्लेमन यांनी एका ८५ वर्षांच्या बाईंची किडनी दुर्बिणीनं काढली. १९० ग्रॅमची किडनी, आतच पिशवीत बारीक करून, ११ मिलिमीटरच्या छिद्रातून बाहेर! तंत्र म्हणून थक्क व्हायला होतं. पण माझं भांडण नेमकं इथंच सुरू होतं.

दुर्बिणीनं अख्खी किडनी काढणं हे तुलनेनं सोपं काम आहे. रक्तवाहिन्या बंद करा, सोडवा, पिशवीत घाला, काढा. दुर्बिणीनं फक्त गाठ काढणं हे अवघड काम आहे. किडनीची मुख्य रोहिणी चिमट्यानं बंद करायची, की घड्याळ सुरू. रक्ताशिवाय किडनीचा जीव गुदमरतो, म्हणून साधारण पंचवीस-तीस मिनिटांच्या आत गाठ तिच्याभोवतीच्या पातळ चांगल्या थरासकट कापायची, लघवीची वाट उघडी पडली असेल तर शिवायची, रक्तवाहिन्या शिवायच्या, वरची कड ओढून शिवायची, चिमटा सोडायचा. आणि हे सगळं छिद्रांतून घातलेल्या लांब दांड्यांनी, पडद्यावर बघत. क्लीव्हलँडला इंदरबीर सिंग गिल यांच्यासारख्यांनी हे बसवून दाखवलं, नंतर रोबो आल्यावर शिवणं थोडं सुकर झालं. पुढच्या अभ्यासांनी आणखी एक गोष्ट दाखवली: मिनिटं महत्त्वाची आहेतच, पण शेवटी चांगली किडनी किती शिल्लक राखली हे त्याहून महत्त्वाचं.

आता पेशंटच्या बाजूनं बघा. पोटावर दोन्हींच्या खुणा सारख्याच. चार-पाच बारीक टाके. आतून एकाची किडनी गेली, एकाची राहिली. बाहेरून कळायला मार्ग नाही! आणि आपण काय विचारतो? टाके किती पडतील. दवाखान्यांच्या लेनमधून चालताना पाट्या वाचा. "बिनटाक्याचे", "दुर्बिणीद्वारे", "तीन दिवसांत घरी". "किडनी राखून" अशी पाटी मी अजून पाहिली नाही. जे आपण विचारतो तेच पाटीवर येतं, दुसरं काय येणार?

कातड्याचे टाके वाचवण्यासाठी किडनी द्यायची हा उलटा व्यवहार आहे. हे माझं मत नाही फक्त. युरोपातल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेच्या मार्गदर्शनातच आहे, की सात सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत किडनी राखणं कुठल्याही मार्गानं, अगदी पोट उघडूनही, शक्य असेल तर दुर्बिणीनं अख्खी किडनी काढू नये. उघड्या ऑपरेशनला जखम मोठी, दुखणं जास्त, कुशीत कधी फुगवटा राहतो, सगळं मान्य. तरी मला विचाराल तर वीस टाके घ्या आणि किडनी ठेवा. टाके पंधरा दिवसांत निघतात.

आता समोरच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर नांदेडहून फोन येईल. पहिलं, गाठ तेवढीच काढण्यात धोका थोडा जास्त आहे. युरोपात झालेल्या मोठ्या चाचणीत जास्त रक्तस्राव ३.१ टक्के विरुद्ध १.२ टक्के, आणि लघवी झिरपण्याचा त्रास ४.४ टक्के, तोही फक्त किडनी राखलेल्यांना. दुसरं, त्याच चाचणीचा निकाल २०११ साली आला तो माझ्या बाजूचा नव्हता. ५४१ रुग्णांत दहा वर्षांनी पूर्ण किडनी काढलेले ८१ टक्के जिवंत होते, राखलेले ७६ टक्के. हा आकडा लपवून वाद घालण्यात अर्थ नाही. पण त्यात झालेल्या ११७ मृत्यूंपैकी किडनीच्या कॅन्सरनं फक्त १२ झाले होते. म्हणजे गाठ मागे राहिली म्हणून माणसं गेली असं त्यातून निघत नाही. शिवाय त्या सगळ्यांची दुसरी किडनी चांगली होती. मी त्यातून एवढंच घेतो की धडधाकट माणसाची एक किडनी गेली तर आभाळ कोसळत नाही. पण शुगर, बीपी आणि मुतखडा हे तीन पाहुणे ज्या घरात आधीच मुक्कामाला आहेत, तिथं हा जुगार कशाला? तिसरं, प्रत्येक गाठ अशी काढता येत नाही. मधोमध, मुख्य रक्तवाहिन्यांना चिकटलेली, फार मोठी असेल तर किडनी द्यावीच लागते. आणि कधी कधी ऐंशीच्या आजोबांची दोन सेंटिमीटरची गाठ नुसती लक्ष ठेवूनही चालते.

"आपल्याकडं कुठं होतंय असलं ऑपरेशन?" हा सगळ्यात खरा प्रश्न. नांदेडला १९८८ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, लातूरला २००२ पासून. तरी अवघड काम निघालं की नांदेडकर हैदराबादची गाडी धरतो, लातूरकर सोलापूर-पुण्याची, आणि कॅन्सर म्हटलं की बार्शी नाहीतर परळचं टाटा. २०१२ च्या जुलैत सरकारी जीवनदायी योजना सुरू झाली (आता तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे), तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. त्या योजनेतून डायलिसिस होतं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. कंधार-मुखेडहून पहाटेची एसटी धरून नांदेडला मशीनवर येणाऱ्यांना विचारा, फुकट म्हणजे किती महाग पडतं ते. नंतर मशीनला पैसे देणारं सरकार आधी किडनी राखू शकणारे हात आपल्या दोन कॉलेजांत का तयार करत नाही, हा प्रश्न आपण मत मागायला येणाऱ्याला एकदा तरी विचारला का?

आणि तोपर्यंत? तोपर्यंत घाई करू नका. अशा लहान गाठी बहुधा सावकाश वाढतात, सरासरी वर्षाला तीनेक मिलिमीटर. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला दोन-तीन आठवडे गेले तर काही बिघडत नाही. दाजींनाही पहिल्यांदा हेच सांगितलं होतं, "दुर्बिणीनं काढून टाकू, तीन दिवसांत घरी." अक्का तयार होती, दीर तयार होते. मीच आडवा आलो. घरात तीन दिवस भांडण झालं. "मामाचं काढलं तेव्हा गप्प होतास, आता मोठा डॉक्टर झालास का?" असं अक्का म्हणाली. खरं होतं ते. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढंच म्हणालो, "तेव्हा गप्प होतो म्हणूनच आता बोलायलोय." दुसऱ्या डॉक्टरांनी दोन्ही किडन्यांचं काम वेगवेगळं मोजणारं स्कॅन करून घेतलं, आणि म्हणाले, राखता येईल. दुर्बिणीनंच झालं. चिमटा एकवीस मिनिटं. गाठ कॅन्सरची निघाली, पण कडा स्वच्छ. आणि किडनी जागेवर.

शेवटचं एक, थोडं कडू. "काढून टाका" हे आपल्या मराठवाड्याचं दुखणं आहे. २०१९ साली शेजारच्या बीडमध्ये सरकारी समितीनं सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची माहिती घेतली, तेव्हा जवळपास १४ हजार बायकांच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. कारणं वेगळी, गरिबी वेगळी, मान्य. पण तिथंही वाक्य तेच: "आता काय काम तिचं? काढून टाका." जे दिसत नाही, ज्याचं काम आपल्याला कळत नाही, ते आपण फार पटकन देऊन टाकतो.

आणि हे आपण, लातूरकरांनी, करावं? २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आपल्याला. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात ज्याच्या दारात दोन बोअर होते, त्याला कुणी म्हणालं का, "दोन आहेत की, एक बुजवून टाक"? उलट आटलेल्या बोअरवरसुद्धा आपण झाकण ठेवून जपत होतो, न जाणो पुन्हा लागलं तर.

म्हणून नातेवाईक मंडळी, ही यादी फ्रीजवर चिकटवा. गाठ किती सेंटिमीटरची? किडनी राखता येईल का, नसेल तर का नाही? दोन्ही किडन्यांचं काम मोजलं का? तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशनं केलीत? दुर्बिणीनं राखता येत नसेल तर पोट उघडून राखता येईल का?

आणि टाक्यांचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा.

मामा हे वाचणार नाहीत, त्यांना डोळ्यांचा त्रास आहे. मामी वाचून दाखवेल. मामा, तेव्हा मी चुकीचा प्रश्न विचारला. हे तुमच्यासमोर बसून म्हणायला हवं होतं, जमलं नाही, म्हणून इथं लिहिलं.

असो. प्रतिक्रिया इथंच द्या, फोनवर नको!